फिजिक्सची बारी

आमच्या घरात वेळ दोनच कारणांसाठी बघितली जायची, एस.टी. पकडायला आणि बैल पळवायला. एस.टी.साठी भिंतीवर घड्याळ होतं. ते कायम मागे असायचं, पण एस.टी.सुद्धा मागेच असल्यामुळे दोघांचं जमून जायचं. बैलांसाठी मात्र वडिलांचं स्टॉपवॉच होतं. काळ्या दोरीत ओवलेलं ते स्टॉपवॉच अंघोळीपुरतं सोडलं तर सदासर्वदा त्यांच्या गळ्यात. लग्नाच्या पंगतीतही ते शर्टावर लोंबत असे आणि भात यायला उशीर झाला की वडील ते सहज हातात घेत. वाढप्याला घाम फुटायचा.

आमच्या जुन्नर-आंबेगावकडच्या माणसाला हे सांगावं लागणार नाही, बाकीच्यांसाठी सांगते. चैत्र-वैशाखात आमच्याकडे गावोगावच्या यात्रा असतात आणि यात्रा म्हटली की बैलगाडे आलेच. गावाबाहेर चढाचा एक सरळ पट्टा असतो, त्याला घाट म्हणायचं. खालून चार बैलांचा हलका गाडा सोडायचा, पुढे घोडी पळते, आणि वर निशाणापर्यंत पोचायला किती सेकंद लागले ते घड्याळावर बघायचं. शेजारी दुसरा गाडा नसतो. एका वेळी एकच गाडा पळतो, आणि त्याच्या त्या धावेला बारी म्हणतात. बारी एकदाच मिळते. बैलाला वर्षभर दूध-अंडी चारलेली असोत, नाहीतर तो आदल्या दिवशी आजारी पडलेला असो, वर जे सेकंद पडले ते पडले. वडील गाडामालक होते, त्यांचे वडीलही गाडामालक होते, आणि जगातली कुठलीही गोष्ट याच खेळाच्या नियमांनी चालते अशी त्यांची पक्की समजूत होती.

माझी बारावी या समजुतीत सापडली.

मला पुण्याच्या सरकारी कॉलेजात इंजिनिअरिंगला जायचं होतं. कारण अगदी साधं होतं. विहिरीवरची मोटार जळली की ती उघडायला नारायणगावहून एक माणूस यायचा आणि मी त्याच्या डोक्यावर वाकून आत काय आहे ते बघायचे. तो दर वेळी म्हणायचा, "पोरी, बाजूला सर. उजेड अडतो." मला आयुष्यात एकदा तरी बाजूला न सरता मोटारीचं पोट बघायचं होतं. पण मोटारी आवडणं वेगळं आणि फिजिक्स येणं वेगळं, हे मला अकरावीत कळलं. दहावीपर्यंत ज्याला मी सुखाने घर्षण म्हणत होते त्याला एका सुट्टीनंतर फ्रिक्शन म्हणायचं होतं. गणित मला यायचं, केमिस्ट्री मी पाठ करून मारून न्यायचे. फिजिक्सचा प्रश्न मात्र मला नीट समजायचा, चारही पर्याय पटायचे आणि त्यातला चुकीचा तेवढा मी नेमका निवडायचे.

दुसऱ्या बाजूला आळ्याची आत्या होती. आळ्याला दिलेली म्हणून आळ्याची. वडिलांची थोरली बहीण. तिने माझं सगळं ठरवून टाकलं होतं. डी.एड. करायचं, आळे फाट्याच्या आसपास एखाद्या शाळेत मास्तरीण व्हायचं, आणि सासरही असं बघायचं की आत्याला तिच्या ओट्यावरून दिसलं पाहिजे.

"इंजिनेर होऊन काय खांबावर चढनार हाय का ही?" ती म्हणायची.

वडिलांना दोन्ही बाजू पटायच्या. त्यांनी गोठ्यात बसून दोन दिवस विचार केला आणि निकाल दिला. "सीईटी म्हंजे बारी. पळाली तर पुन्याला. नाय पळाली तर डी.एड. पन बारी एकच. परत वरीसभर घरी बसून परीक्षा द्यायची न्हाई."

आत्या खूश होऊन एस.टी.ने परत गेली. फिजिक्सचे माझे मार्क तिला माहीत होते.

क्लास मंचरला होता. कांदा-बटाट्याच्या एका आडतीच्या माडीवर. खाली पोती, वर आम्ही. हायवेवरून ट्रक गेला की फळा हलायचा आणि सरांनी काढलेला सरळ किरण थोडा वाकायचा. सर तरुण होते, बारीक होते आणि त्यांना खोकला होता. तो खडूचा की कांद्याच्या सालींचा यावर दोन मतं होती. सरांनी प्रश्न वाचायला सुरुवात केली की खालून हमाल ओरडायचे, "उचल, उचल, अरे उचल की!" मागच्या बाकावरची मुलं हा सल्ला समजून पहिला दिसेल तो पर्याय उचलायची. उतारावरून घसरणाऱ्या वस्तूचं गणित असलं की सर आम्हाला खिडकीशी न्यायचे. खाली ट्रकला लावलेल्या फळीवरून बटाट्याची पोती घसरत असायची. एवढं डोळ्यांनी बघूनही माझं उत्तर चुकायचं, ही गोष्ट सरांच्या फार मनाला लागली होती.

सहामाहीच्या टेस्टनंतर त्यांनी वडिलांना बोलावलं. वडील धुतलेला सदरा घालून, गळ्यात स्टॉपवॉच घेऊन माडीवर आले. सर बिचारे माझ्याबद्दल चांगलं काही आठवायचा प्रयत्न करत होते.

"काका, मुलगी हुशार आहे. पण फिजिक्सला वेग लागतो. एका प्रश्नाला पुरतं मिनिटसुद्धा मिळत नाही."

वडील पुढे सरकले. "म्हंजे सेकंदावर हाय?"

"सेकंदावरच म्हणायचं."

"मग आदी सांगायचं ना राव!" वडिलांचा चेहरा असा खुलला की सरांनाही हसू आलं. वर्षभर त्यांना न कळणारी एक गोष्ट अचानक त्यांच्या ओळखीची निघाली होती.

त्या दिवसापासून माझा सराव सुरू झाला. गोठ्याला लागून पडवी होती, तिथे मी पुस्तक घेऊन बसायचे. समोर पाटावर वडील, पलीकडे दावणीला बैल. वडील म्हणायचे, "सुटली!" आणि कळ दाबायचे. मी प्रश्न वाचून उत्तरावर खूण करायची आणि "झालं" म्हणायचं की पुन्हा कळ. सेकंद ऐकून कधी ते मान हलवायचे, कधी तोंड कडू करायचे. मी डोकं खाजवायला लागले तर त्यांना सहन व्हायचं नाही. "थांबू नको, थांबू नको! मधी थांबलं की पाय जड व्हत्यात." बैल रवंथ करत माझ्याकडे बघायचे. मला वाटायचं त्यांना माझी दया येत असावी.

महिनाभरात माझी कीर्ती पसरली. फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर वडील सांगायचे, "काल पोरगी निम्म्या मिनटात आली."

"लई भारी राव! मागल्या हप्त्यापेक्षा सुधारली की."

"खुराक वाढवला का?"

क्लासच्या एस.टी.तला कंडक्टर तिकीट फाडता फाडता विचारायला लागला, "ताई, आज किती पडलं?" कॉलेजला निघालेली अख्खी गाडी माझ्या सेकंदांची चौकशी करायची. उत्तर बरोबर आलं का, हे मात्र कुणी म्हणजे कुणी विचारलं नाही. आणि ते बरोबर येत नव्हतं. पूर्वी मी सावकाश चुकायचे, आता झपाट्याने चुकायला लागले, एवढाच काय तो फरक पडला होता.

शेवटी एक दिवस माझा तोल गेला. मी वडिलांसमोर पुस्तक आपटलं. "दादा, बैल उलटा खाली पळत सुटला तरी तुम्ही कळ दाबून वा वा म्हणाल का?"

वडिलांनी कळीवरचं बोट काढलं. "मंग उलटा पळाला का सुलटा, ते आमाला कसं कळायचं?"

"पुस्तकाच्या मागे उत्तरं आहेत."

"हे तू आज सांगती?" आता तेच चिडले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. पण पर्याय ए, बी, सी, डी असे चारच, आणि चार खुणा ओळखायला कितीसा वेळ लागतो! ए म्हणजे तंबू, बी म्हणजे एकीवर एक ठेवलेल्या दोन भाकरी, सी म्हणजे घोडीची नाल आणि डी म्हणजे अर्धी भाकरी. एका बैठकीत त्यांनी हे पाठ केलं. दुसऱ्या दिवसापासून एका हातात स्टॉपवॉच, दुसऱ्या हातात उत्तरांचं पान.

"तंबू पायजे व्हता, तू नाल टाकली."

"अर्ध्या भाकरीला दोन भाकरी म्हनली. भूक लागली का तुला?"

हसू नका, याचा उपयोग झाला. नाल का चुकली हे त्यांना सांगता यायचं नाही, पण मला समजावून सांगायला लावायचे. "नाल का न्हाई? मला सांग." मग मी त्यांना सांगायचे, आणि सांगता सांगता मलाच कळायचं की माझं कुठे चुकलं. ते समजल्यासारखी मान डोलवायचे. त्यांना त्यातलं काही समजत नव्हतं हे मला ठाऊक होतं. पण एवढं लक्ष देऊन माझं ऐकणारं तोवर दुसरं कुणी भेटलं नव्हतं, म्हणून मी बोलत राहिले. मार्क हळूहळू वर सरकायला लागले.

आईने तिच्या वाटणीचं काम ओझरला जाऊन केलं. विघ्नहराच्या पायाशी ठेवायला ती माझं पेन घेऊन गेली. परीक्षेचे दिवस असल्यामुळे तिथे पेनांचा ढीग लागला होता, आणि परत मिळालेलं पेन आपलंच आहे का याबद्दल तिला घरी येईपर्यंत शंका होती. पेन निळं निघालं. परीक्षेच्या सूचनांमध्ये काळं लिहिलं होतं. आता रिफील बदलली तर आशीर्वाद राहतो की जातो, यावर आमच्या घरात दोन दिवस चर्चा झाली. अखेर वडिलांनी सांगितलं की बैल बदलला तरी गाडा तोच राहतो. आईने रिफील बदलली.

परीक्षा मे महिन्यात होती. चार-पाच दिवस राहिले असताना मी सकाळी उठले तर पुस्तकं जागेवर नव्हती. गाईड नाही, टेस्टचे पेपर नाहीत, काही नाही. बैलांच्या झुली आणि घुंगरमाळा ज्या लोखंडी पेटीत असायच्या त्या पेटीला कुलूप होतं आणि किल्ली वडिलांच्या करदोट्याला.

"बारीच्या आदी बैल पळवायचा नसतो," वडील शांतपणे म्हणाले. "वरीसभर पळवायचा. आता आराम आन् खुराक."

मी आरडाओरडा केला, रडले, जेवणार नाही म्हणाले. जेवणार नाही हे म्हणायला ती वेळ अगदीच वाईट होती, कारण खुराक सुरू झाला होता. सकाळी दुधात कालवलेली अंडी. दुपारी तूप वरून ओतलेली पुरणपोळी. चार वाजता उडदाचे लाडू. बैलाला जे जे चालतं त्यातलं सरकी सोडून मला सगळं मिळालं. परक्या माणसाला गोठ्यात येऊ देत नाहीत तसं मैत्रिणींना दारातूनच परत पाठवलं गेलं, त्यांची नजर लागू नये म्हणून. आत्या आवर्जून येऊन गेली आणि तिने वडिलांची फार तारीफ केली. "बरं केलंस. डोस्क्याला तान नको पोरीच्या." तिच्या आवाजातला आनंद मला सहन झाला नाही. मी उठून गोठ्यात गेले.

करण्यासारखं काही नव्हतं म्हणून मी बैलाच्या पाठीवर हात फिरवत आठवेल ते म्हणायला लागले. लेन्सचं सूत्र, लंबकाचं सूत्र, करंट आणि रेझिस्टन्स. आठवलं नाही की मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. वडील लांबून बघत होते. ते जवळ आले तेव्हा त्यांच्या कपाळावर आठ्या होत्या. मला वाटलं, आता हेसुद्धा बंद करणार.

"मनातल्या मनात पळलं तर चालंल," ते म्हणाले, "पन दमू नको." आणि मग एकदम वेगळ्याच आवाजात, "मला दुसरं काय येत न्हाई गं. जे येतं ते करतोय."

माझा राग तिथे ओसरला. पूर्ण नाही, पण बराच.

केंद्र पुण्यातल्या एका शाळेत होतं. बैल ज्या पिकअपमधून घाटावर न्यायचो त्याच पिकअपमधून आम्ही आदल्या दिवशीच निघालो. मागे पेंढा अंथरलेलाच होता. आदल्या दिवशी का, तर बैलाला घाट दाखवावा लागतो. नवख्या घाटात बैल बुजतो. मुक्काम भोसरीला मावशीकडे होता, पण आधी वडिलांनी गाडी थेट शाळेच्या फाटकापाशी नेली. फाटक बंद होतं आणि आत वॉचमन खुर्चीवर बसला होता.

"परीक्षा उद्या आहे," तो म्हणाला.

"म्हाइत हाय. पोरीला घाट दाखवायचा व्हता."

मी लाजेने दुसरीकडे तोंड फिरवलं. पुण्यातला कुठलाही वॉचमन यावर पोलिसांना बोलावेल असं मला वाटलं. पण हा खुर्चीवरून उठला. त्याने वडिलांच्या गळ्यातलं स्टॉपवॉच बघितलं, पिकअपमधला पेंढा बघितला.

"कुठले, पावणं?"

"मंचरच्या अलीकडचं."

"गाडा हाय का?"

"हाय की."

"मी घोडेगावकडचा," असं म्हणून त्याने फाटक सताड उघडलं. पुढचा अर्धा तास ते दोघे बैलांवर बोलत राहिले आणि बोलता बोलता त्याने आम्हाला जिना, वर्ग, माझा बाक, पाण्याची टाकी सगळं दाखवलं. वडिलांनी फाटकापासून बाकापर्यंत मला दोनदा चालायला लावलं. दुसऱ्यांदा तर वॉचमनसुद्धा "आता बिचकत न्हाई" असं म्हणाला. खरंच, दुसऱ्या दिवशी बाकीची मुलं वर्ग शोधत पळत होती आणि मी आपल्या घरात शिरल्यासारखी जाऊन बसले.

पण त्याच्या आधी फाटकात एक गोष्ट घडली. बारी सुटायच्या आधी गाडामालक बैलांवर भंडारा टाकतो, म्हणजे देवाची हळद. मूठभर घेऊन डोक्यावर, कपाळावर, शिंगांवर. मी आत जायला वळणार तोच वडिलांनी खिशातून पुडी काढली आणि काही कळायच्या आत माझ्या डोक्यावर अख्खी मूठ रिकामी केली. केस पिवळे, कपाळ पिवळं, ओढणी पिवळी. आजूबाजूच्या पुणेरी आया आपापल्या मुलांना जवळ ओढायला लागल्या.

"जा आता," वडील म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते, म्हणून मी तशीच आत गेले.

फिजिक्स आणि केमिस्ट्री एकाच पेपरात होतं. उत्तराच्या कागदावर छापलेले गोळे पेनने काळे करायचे, आणि तो कागद मशीन तपासणार. सूचनांमध्ये ठळक लिहिलं होतं की कागदावर दुसरी कुठलीही खूण नको. सुरुवात चांगली झाली. तंबू, नाल, नाल, अर्धी भाकरी. मे महिन्याचं ऊन पत्र्यावरून आत उतरत होतं आणि माझ्या डोक्यावरचा पंखा फक्त आवाज करत होता. मी कपाळ पुसलं नाही, कारण मधी थांबलं की पाय जड होतात. आणि मग टप्प करून एक मोठा थेंब कागदावर पडला. नुसता घाम नव्हता, त्यात भंडारा होता. फिजिक्सच्या गोळ्यांवर एक झगझगीत पिवळा डाग.

मी घाबरून तो ओढणीने पुसला. ओढणीलाही भंडारा होता. डागाचा पट्टा झाला.

मी हात वर केला. सुपरवायझर बाई आल्या आणि कागदाकडे बघत राहिल्या. "हे काय गं?"

"भंडारा, मॅडम."

"काय?"

"हळद."

"परीक्षेला हळद लावून आलीस? लग्न आहे का तुझं?"

वर्ग हसला. मी विचारलं, मशीनला हे वाचता येईल का. बाई म्हणाल्या, मला काय माहीत, आजवर हळदीचा पेपर आलेला नाही. नवीन कागद मिळणार नाही, लिही पुढे. मी पुढे लिहिलं, पण डोकं त्या पिवळ्या पट्ट्यातच अडकलं होतं. उरलेलं फिजिक्स मी कसं सोडवलं ते मला त्याच दिवशी नीट आठवत नव्हतं.

गणिताचा पेपर देऊन बाहेर आले तेव्हा वडील फाटकाशीच उभे होते. त्यांनी काही विचारायच्या आत मी भर रस्त्यात ओरडले. "तुमच्या भंडाऱ्याने माझं वाटोळं केलं! गेलं सगळं!" काय झालं ते मी रडत रडत सांगितलं.  गळ्यातलं स्टॉपवॉच काढून वडिलांनी खिशात टाकलं आणि तिथून घरापर्यंत ते गाडी चालवत राहिले.

पुढचा महिना मी त्यांच्याशी धड बोलले नाही. त्यांनी काही विचारलं की मी आईला उत्तर द्यायचे. आमच्याच गावची यात्रा आली, गाडा पळाला, मी बघायला गच्चीवरसुद्धा गेले नाही. क्लासला जाऊन सरांना भेटायचं धाडसही झालं नाही. डी.एड. आता ठरल्यातच जमा होतं आणि मी उगाच खोलीत बसून त्याची सवय करून घेत होते.

निकाल मंचरच्या सायबर कॅफेत कळला. गणित छान, केमिस्ट्री बरी, आणि फिजिक्स आपटलेलं. पुण्याच्या सरकारी कॉलेजपर्यंत ते मार्क पोचत नव्हते, हे सांगायला कुणाची गरज नव्हती. घरी आले तर आत्या आधीच येऊन ओट्यावर बसली होती. तिने घोळून घोळून सांत्वन केलं आणि मग मुद्द्यावर आली. डी.एड.साठी कुणाकुणाला भेटायचं ते तिने ठरवून आणलं होतं.

"तू सोत्ता म्हनला व्हतास," ती वडिलांना म्हणाली, "बारी एकच."

वडील उंबऱ्याशी बसले होते. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"म्हनलो व्हतो. पन बारीच्या मधी कुनी आडवं आलं, तर बारी परत देत्यात. ह्यो घाटाचा नियम हाय, आक्का. तुला म्हाइत हाय."

"हिला कोन आडवं आलं?"

"मी आलो. भंडारा मी टाकला. मशिनीनं वाचलं न्हाई. त्येच्यात पोरीचा काय दोष?"

 आत्याही गाडामालकाचीच लेक होती. या नियमावर तिच्या वडिलांनी अख्ख्या यात्रेशी भांडण केलेलं तिने पाहिलं होतं. तिने आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि "मंग वरीसभर परत ते सेकंद ऐकायचे का आमी?" एवढंच म्हणून चहा मागितला.

दोन दिवसांनी मी पुन्हा नाव घालायला मंचरला गेले. खाली आडतीत पोती उतरत होती. सरांना मी पिवळ्या पट्ट्याची गोष्ट सांगायला लागले तर ते मध्येच म्हणाले, "माहीत आहे. तुझे वडील आले होते ना."

"कधी?"

"पेपरच्या दुसऱ्याच दिवशी. मशीनला हळद चालते का, विचारत होते. मी माझ्या ओळखीच्या एकाला फोन करून खात्री करून घेतली आणि सांगितलं, काका, बिनधास्त राहा. मशीनला फक्त काळं दिसतं. पिवळं दिसतच नाही. मुलीचा एकही मार्क त्याने जाणार नाही." सर खोकले. "त्यांनी तुला सांगितलं नाही?"

नव्हतं सांगितलं. मी जिन्यावर येऊन उभी राहिले आणि मला एकेक कळत गेलं. महिनाभर मी त्यांच्यावर डाफरत होते आणि ते गप्प होते. एका वाक्यात ते सुटले असते. पण मार्क कमी पडलेच तर बारी परत मागायला काहीतरी कारण लागणार होतं, आणि त्यांच्याकडे ते एकच होतं. ते त्यांनी जपून ठेवलं. घाटावर खोटं कारण सांगून बारी परत मागणाऱ्या गाडामालकाला त्यांनी जन्मभर शिव्या दिल्या होत्या. मला तिथे जिन्यावरच रडू आलं. हमाल पोतं खांद्यावर घेऊन माझ्याकडे बघत उभा राहिला.

पुढच्या वर्षी माझं फिजिक्स सुधारलं आणि मी पुण्याला गेले. पण त्या दिवशी मी घरी आले तेव्हा वडील गोठ्यात बैलाची पाठ चोळत होते.

"दादा," मी म्हटलं, "सर म्हणाले, मशीनला पिवळं दिसत नाही."

वडिलांनी मान वर केली नाही. चोळत राहिले.

"सरांना काय कळतंय गाड्यातलं," ते म्हणाले.